अपूर्ण सासरे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरातला एक माणूस अधिकृतपणे अपूर्ण होता. तो माणूस म्हणजे माझे सासरे, आणि त्यांना अपूर्ण ठरवणारी वस्तू मी माझ्या हातांनी बनवली होती. त्या दिवसांत घरातली मंडळी मला पाण्यात बघत होती. विषयही पाण्याचाच होता.

मी काय काम करते हे आमच्या नातेवाइकांना आजवर उमगलेलं नाही. 'कॉम्प्युटरवर काहीतरी करते' इथं त्यांची गाडी अडते. म्हणून हल्ली मी सरळ सांगते, मी डबे भरते. ई-लर्निंगचे डबे. कोणी धडा लिहितं, कोणी चित्रं काढतं, कोणी आवाज देतं. मी ते सगळं एका फाइलमध्ये कोंबते, आत काय काय आहे आणि कशानंतर काय उघडायचं याची चिठ्ठी वर ठेवते आणि झाकण लावते. ऑफिसात आम्ही त्याला डबाच म्हणतो. डबा कसा भरायचा, चिठ्ठी कशी लिहायची, डबा ज्या सिस्टिममध्ये उघडेल तिच्याशी त्यानं कुठल्या शब्दांत बोलायचं, याचे जगभर ठरलेले नियम आहेत. त्यांना मानक म्हणतात. आमचे साहेब या मानकाचे एवढे भक्त आहेत की आम्ही त्यांचं नाव मानकोबा ठेवलंय. त्यांना ते कळलं आणि आवडलं, त्यामुळे चिडवण्यातली मजाच गेली.

खोटं कशाला बोलू, मानकोबांचं म्हणणं बरोबर आहे. माझ्या स्वयंपाकघरात एक खण आहे. त्यात डबे आहेत, झाकणं आहेत, आणि त्यातलं एकही झाकण त्यातल्या एकाही डब्यावर बसत नाही. मानक येण्याआधी आमचा अख्खा धंदा त्या खणासारखा होता. प्रत्येक गिऱ्हाइकाची सिस्टिम वेगळी, तिचे नखरे वेगळे, आणि तोच धडा प्रत्येकासाठी पुन्हा पहिल्यापासून बांधायचा. आता आगीपासून बचावाचा आमचा एकच डबा बिस्किटांच्या कारखान्यात उघडतो, दवाखान्यात उघडतो आणि नाटकाच्या थिएटरातही उघडतो. कुणाला हात लावावा लागत नाही. असं काही झालं की मानकोबा खुर्चीत मागे रेलून म्हणतात, "बघ, कुठलंही झाकण, कुठलाही डबा!" आणि मला माझा खण आठवून हेवा वाटतो.

पण कौतुक तेवढंच. कारण डबा सिस्टिमला काय सांगतो, तर माणसानं मला उघडलं, इथवर आला, एवढे गुण मिळवले, पूर्ण झाला किंवा अपूर्ण राहिला. माणूस काही शिकला का, हे सांगायला त्याच्याकडे शब्दच नाही. हे मी एकदा मीटिंगमध्ये बोलले, तेव्हा मानकोबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या आईच्या हातच्या जेवणाला नाव ठेवलं.

तर गावातल्या जलतरण तलावानं आमच्याकडून 'पाण्यातला सोबती' नावाचा डबा भरून घेतला. लहान मुलांच्या पोहण्याच्या वर्गाला घरचं एक मोठं माणूस पाण्यात सोबत हवं, आणि त्या माणसानं आधी हा सुरक्षेचा कोर्स पूर्ण केलेला हवा, असा तलावाचा नियम. तलावाची सिस्टिम जुनी, इतकी जुनी की तिला मानकाची जुनी आवृत्तीच कळते. नव्या आवृत्तीचा डबा समोर धरला की तोंड फिरवते. म्हणून आम्ही जुन्या पद्धतीचा डबा दिला. या जुन्या डब्याला एक खिसा असतो. शिकणाऱ्यानं काय काय उघडून बघितलं, काय टिपून ठेवलं, कुठवर आला, ही सगळी आठवण त्या खिशात राहते. खिसा लहान असतो हे मला माहीत होतं, पण तो भरेल एवढा अभ्यास कोणी करेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

माझे सासरे माझ्या स्वप्नात येत नाहीत, हीच चूक झाली.

बाबा वजनमापे निरीक्षक होते. दुकानांतली वजनं तपासायची, खरी असतील तर शिक्का मारायचा, खोटी असतील तर जप्त करायची, यात त्यांचं आयुष्य गेलं. ते बाजारात शिरले की तराजू आपोआप सरळ व्हायचे असं सासूबाई सांगतात, पण कौतुकानं सांगत नाहीत. निवृत्त झाल्यावर बाजार सुटला आणि घर तावडीत सापडलं. माझ्या मापाच्या वाट्या ते उजेडात धरून बघतात.

माझी लेक भिंगरी पाच वर्षांची. तिला तलावाच्या वर्गात जागा मिळाली, पण वर्गाची वेळ नेमकी माझ्या आणि नवऱ्याच्या ऑफिसची. आई, म्हणजे सासूबाई, पाण्याला भितात. शॉवर चालू केला तरी बाहेर येऊन उभ्या राहतात आणि बादलीनं आंघोळ करतात. राहता राहिले बाबा.

"मी आहे ना," ते छाती पुढे काढून म्हणाले. "पाण्यात पडलं की पोहता येतं."

"तुम्ही कधी पडलात?" आईंनी विचारलं.

बाबा थेट अभ्यासाला बसले. आईंनी मला स्वयंपाकघरात गाठून सांगितलं, की लग्नानंतर सगळं घर एकदा सरोवरावर सहलीला गेलं होतं, सगळे पाण्यात खेळत होते आणि हे काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले होते. "कोणीतरी सांभाळायला हव्यातच, म्हणाले. कोणाला हव्या होत्या कोणास ठाऊक! आसपास चिटपाखरू नव्हतं." मी हसले आणि विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले तर दिवाणखान्यात सोफ्यावर बाबा बसलेले. मांडीवर टॅबलेट, डोक्यावर निळी रबरी टोपी, खांद्यावर टॉवेल आणि चष्म्यावर पोहण्याचा गॉगल. दोन्ही एकावर एक बसत नाहीत, म्हणून गॉगल कपाळाकडून निसटत होता आणि ते एका हातानं तो धरून होते.

"बाबा, हे काय?"

"विषयाशी एकरूप झाल्याशिवाय अभ्यास होत नाही, सूनबाई."

"मग टबात बसवू का?" आतून आईंचा आवाज आला.

भिंगरी त्यांच्या शेजारी पाय हलवत बसली होती. तिनं शाळेत सगळ्यांना सांगून टाकलं होतं की माझा आजोबा मासा आहे. बाईंनी खात्री करून घ्यायला मला फोन केला होता. मी म्हटलं, अजून नाही, कोर्स चालू आहे.

त्या डब्यात पानोपानी निळे ठिपके आहेत. ठिपका दाबला की जादा माहिती उघडते आणि ठिपका हिरवा होतो. दाबलाच पाहिजे असं नाही. आमच्या चित्रकाराला पान मोकळं दिसलं की ठिपके सुचतात, म्हणून ते आहेत. प्रत्येक पानाखाली 'माझी टिपणं' अशी एक चौकटही आहे, आणि ती मात्र मला सुचली होती. आजवर तिच्यात कोणी काही लिहिलं नव्हतं. बाबांनी प्रत्येक ठिपका हिरवा केला आणि प्रत्येक चौकटीत लिहिलं. 'पायरी निसरडी असते असे म्हटले आहे. किती निसरडी, ते दिलेले नाही.' 'कठडा घट्ट धरावा. घट्ट म्हणजे किती, ते दिलेले नाही.' 'चित्रातील इसम हसत आहे. कारण दिलेले नाही.'

असे ते 'पहिली पायरी' या पानापर्यंत पोचले, आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. त्यांनी त्या पानावरचं सगळं वाचलं, पुढची पानंही वाचली, टॅबलेट बंद केला. सकाळी उघडला तर पुन्हा 'पहिली पायरी'. पुन्हा सगळं केलं, शेवटची परीक्षासुद्धा दिली, एकही उत्तर चुकलं नाही. तरी सिस्टिम म्हणाली, स्थिती: अपूर्ण. ते परत बसले. पुन्हा 'पहिली पायरी', पुन्हा अपूर्ण. रोज हेच, पालथ्या घड्यावर पाणी. नवरा म्हणाला, "बाबा, तुम्ही काहीतरी चुकीचं दाबताय." बाप आणि मुलगा त्यानंतर जेवणाच्या टेबलावर माझ्यामार्फत बोलू लागले.

अशात आईंनी कोर्स पूर्ण केला.

त्यांनी तो करायला घेतलाच नव्हता. घरातली वडीलधारी म्हणून तलावानं त्यांच्या नावानंही कोर्स पाठवला होता, आणि त्यांना टॅबलेटवर भेंडीची पाककृती बघायची होती. मधेच कोर्सची खिडकी उघडली.

"बंदच होईना मेली," त्या नंतर सांगत होत्या. "कानाला फोन, पलीकडे माझी बहीण, तिला तिच्या सुनेबद्दल सांगायचं होतं. मी आपलं पुढे दिसलं की पुढे दाबत गेले."

"आणि परीक्षा?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"ते प्रश्न होय? सगळ्यांत लांब उत्तर दाबलं. एवढं लांबलचक खोटं कोण कशाला लिहील?"

हे आमच्या धंद्यातलं सर्वांत मोठं गुपित आहे आणि माझ्या सासूनं ते भेंडी चिरता चिरता ओळखलं. त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र आलं. त्याला सोनेरी किनार होती आणि खाली उड्या मारणारा डॉल्फिन होता. बाबांनी ते बराच वेळ बघितलं, मग टोपी काढली आणि गच्चीवर जाऊन बसले.

मी तलावाच्या चौकशी खिडकीतल्या बाईंना फोन केला. बाई हसतमुख होत्या. "सोमवारी वर्ग सुरू होतोय. तोवर सोबती पूर्ण नसेल तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. पण तुमची अडचण काय? तुमच्या आजी पूर्ण आहेत की! त्यांना पाठवा."

"त्या पाण्याला भितात हो."

"सिस्टिममध्ये तसं दिसत नाहीये," बाई म्हणाल्या.

ऑफिसात मी डबा उघडून आत डोकं घातलं आणि खिसा तपासला. गच्च भरलेला. नवीन काही आत शिरायला जागाच नव्हती. बाबांचं शेवटचं टिपण 'पाण्यात पाय ठेवताना मनाची तयारी करावी. मनाची तया' इथं कापलं गेलं होतं. त्यापुढे त्यांनी काहीही केलं तरी डब्याला आठवत नव्हतं. डबा आपला दर वेळी जिथवर आठवण होती तिथून, पहिल्या पायरीवरून, सुरुवात करत होता. ज्यानं सगळ्यांत जास्त अभ्यास केला तोच तेवढा अपूर्ण राहत होता. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली, आणि मग मी मानकोबांकडे गेले.

त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. "खिसा भरला की नवं काही घ्यायचं नाही, असं मानकात लिहिलंय. डबा तसाच वागतोय. किती शिस्तीचा डबा आहे बघ!"

"पण साहेब, माणूस अडकलाय."

"डबा मानकात बसतो," ते म्हणाले. "तुझे सासरे बसत नाहीत."

"मग ठिपक्यांची आणि टिपणांची नोंद काढून टाकून नवा डबा देऊ. तासाभराचं काम आहे."

"नवा डबा चढवला की सिस्टिमला तो नवा कोर्स वाटणार. ज्यांचं पूर्ण झालंय ते सगळे पुन्हा अपूर्ण. गावभरचे आजीआजोबा तलावाच्या दारात उभे राहतील. त्यांना तोंड कोण देणार, तू?"

संताप असा आला होता की झाकण उडालं असतं, पण माणूस बरोबर बोलत होता. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो.

शनिवारी मी घरी सगळ्यांना समोर बसवून हे समजावलं. नवऱ्यानं बाबांकडे बघून "सॉरी" म्हटलं, तेही माझ्यामार्फत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे माप खरं आहे, पण मापतंय भलतंच," ते म्हणाले. "किलोचं वजन बरोबर किलोचं आहे म्हणून तांदळात खडे नाहीत असं होत नाही. मी शिक्का वजनावर मारायचो, तांदळावर नाही. लोकांना ते कधी कळलं नाही."

"बाबा, खिडकीतल्या बाई म्हणाल्यात, त्या तुम्हाला हातानं पूर्ण करून देतील. एक बटण दाबायचं. झालं."

बाबा असे ताठ झाले की सोफा करकरला. "अपूर्ण माणसावर पूर्णचा शिक्का? सूनबाई, उभ्या आयुष्यात मी खोट्या वजनावर शिक्का मारलेला नाही. आता स्वतःवर मारून घेऊ?"

"मग जागा जाईल हो!" आई ओरडल्या. "पोरगी सगळ्या गावाला मासा मासा सांगत फिरतेय!"

भिंगरी दारात उभी होती. "आजोबा मासा नाहीये?" तिनं विचारलं. ती रडली नाही, नुसती आत जाऊन तिनं पोहण्याची फुलाफुलांची पिशवी कपाटात ठेवून दिली. ते बघून बाबांचा चेहरा इतका पडला की मला बटणवाल्या बाईंचा, मानकोबांचा आणि स्वतःचा एकदमच राग आला.

"एक खरा मार्ग आहे," मी म्हटलं. "पाटी कोरी करून पुन्हा पहिल्यापासून करायचं. पण ठिपका दाबायचा नाही. टिपण लिहायचं नाही. आईंसारखं करायचं."

"न वाचता?"

"न वाचता."

"हे शिकणं आहे?"

"हे पूर्ण होणं आहे," मी म्हटलं. "तुमचं शिकून झालंय, बाबा."

खिडकीतल्या बाईंनी बाबांची जुनी नोंद पुसून पाटी कोरी करून दिली. रविवारी जेवणं झाल्यावर सगळं घर सोफ्याभोवती जमलं. गुरुस्थानी आई. बाबांनी टोपी घातली, टॅबलेट घेतला, आणि पहिल्याच पानावर त्यांचं बोट निळ्या ठिपक्याकडे निघालं.

"अहो!" आईंनी फटका मारला.

"नुसतं बघत होतो."

"बघायचंच नाही! मी काही बघितलं होतं का?"

दुसऱ्या पानावर पुन्हा तेच. तिसऱ्यावर नवऱ्यानं बापाचा डावा हात धरून ठेवला; दोघांनी कित्येक दिवसांत एकमेकांना प्रथमच हात लावला होता. तरी डोळे ठिपक्यांवरून हटेनात. शेवटी आईंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला आणि आपल्या ब्लाउजमध्ये अडकवला. आता बाबांना समोर निळसर धुकं दिसत होतं. भिंगरी मांडीवर चढली. बोट बाबांचंच राहील अशी त्यांची अट होती, म्हणून ती फक्त ओरडायची.

"पुढे दाब, आजोबा!"

ते दाबायचे.

"पुढे दाब, आजोबा!"

'पहिली पायरी' आली. बाबांचं बोट थांबलं. चष्मा नव्हता तरी ते पान त्यांनी ओळखलं. भिंगरीनं त्यांच्या कानात तोंड घालून अशी किंकाळी फोडली की बोट आपोआप पडलं. पान पुढे गेलं. डब्याला आठवलं. मी टाळी वाजवली.

परीक्षा आली तेव्हा नवरा म्हणाला, "चष्म्याशिवाय उत्तरं कशी वाचणार?"

"उत्तरं मला पाठ आहेत," बाबा म्हणाले. "आणि अक्षरं दिसली नाहीत तरी लांबी दिसते. लांबी हा माझा विषय आहे." दर प्रश्नाला ते आधी उत्तर तोंडानं कारणासकट म्हणून दाखवायचे आणि मग सगळ्यांत लांब ओळीवर बोट ठेवायचे. दोन्ही दर वेळी जुळायची. आईंनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं बघितलं.

अभिनंदन! सोनेरी किनार, डॉल्फिन, बाबांचं नाव. भिंगरी घरभर नाचली आणि कपाटातून पिशवी काढून ती उशाशी घेऊन झोपली. बाबा मात्र पडद्याकडे बघत बसले होते.

"माप खोटं आहे, सूनबाई," ते हळूच म्हणाले.

"आहे, बाबा."

सोमवारी मी ऑफिसला दांडी मारली. मानकोबांना सांगितलं, डबा प्रत्यक्ष वापरात कसा चालतो ते तपासायला जातेय. त्यांनी आनंदानं परवानगी दिली.

तलावावर क्लोरीनचा वास होता आणि मुलांचा कालवा होता. शिट्टीवाल्या सरांनी शिट्टी वाजवली आणि सगळे आजीआजोबा, काका, माम्या आपापल्या पोरांना घेऊन पायऱ्यांवरून पाण्यात उतरले. भिंगरी सगळ्यांच्या आधी. ती कठड्याला धरून लाथा मारत होती. काठावर एकच माणूस उरला होता, निळी टोपी घातलेला.

"कठडा धरावा. पाय सपाट ठेवावा. एका वेळी एक पायरी," बाबा पुटपुटत होते. पान तोंडपाठ होतं, एका शब्दाची चूक नव्हती. पण पाय हलत नव्हते.

मी जवळ गेले.

"पायरी निसरडी आहे," ते म्हणाले.

"रबर लावलंय, बाबा."

"हो. लावलंय." मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, मी पाण्यात घोट्याच्या वर कधी गेलेलो नाही. वाटलं होतं, सगळं वाचून झालं की भीती जाईल. म्हणून सगळं वाचत होतो. एक ठिपका राहायला नको म्हणून."

मला एकदम चपला आठवल्या. बाकड्याकडे बघितलं तर आई बसलेल्या, मांडीवर बाबांच्या चपला घट्ट धरून. त्यांना सगळं आधीपासूनच माहीत होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. मला रडू आलं. इतके दिवस मी खिसा, आवृत्ती, मानक करत बसले होते, आणि हा म्हातारा माणूस रोज सकाळी सोफ्यावर गॉगल लावून एकटाच भीत होता.

"नका उतरू, बाबा," मी म्हटलं. "मी सांगते सरांना."

त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, मला कळलं नाही. तेवढ्यात भिंगरी कठड्याला धरून धरून पायऱ्यांपाशी आली, दोन पायऱ्या चढली आणि पाण्यानं निथळणारं बोट तिनं आजोबांच्या बेंबीवर ठेवून खच्चून दाबलं.

"पुढे!"

बाबा दचकले आणि पहिल्या पायरीवर गेले. तिनं पुन्हा दाबलं. "पुढे!" दुसरी पायरी. शिट्टीवाले सर शिट्टी तोंडात धरून नुसते बघत राहिले. "पुढे दाबतेय ना मी, आजोबा, पुढे!" पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, मग छातीपर्यंत, आणि भिंगरीनं आजोबांच्या गळ्यात उडी टाकली तशी दोघं एकदम पाण्याखाली गेली. बाबा वर आले ते नाकातोंडातून पाणी काढत, नातीला दोन्ही हातांनी उंच धरून, टोपी एका कानावर.

"हे दिलेलं नव्हतं!" ते गरजले.

अख्खा तलाव थांबला.

"काय दिलेलं नव्हतं?" बाकड्यावरून आई ओरडल्या.

"गार असतं! अगं, पाणी गार असतं! एवढे ठिपके, एका ठिपक्यात नाही!" आणि ते हसायला लागले. मी त्यांना असं हसताना कधी बघितलं नव्हतं. भिंगरी खांद्यावर बसून सगळ्यांना सांगत होती, हा माझा आजोबा, हा मासा आहे.

आईंनी चपला खाली ठेवल्या. पदर खोचला, काठापाशी आल्या, माझा हात करकचून धरला आणि डाव्या पायाचा अंगठा पाण्यात बुडवला.

"खरंच की हो," त्या म्हणाल्या. "गार आहे."